बायपासनंतर अण्णांना घरात कुणी उठूच देत नाहीये, नक्की किती हालचाल चालते?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांची, आम्ही अण्णा म्हणतो, बायपास झाली. तीन ग्राफ्ट (अडलेल्या शिरांना वळसा घालणाऱ्या जोडशिरा) टाकलेत, दोन पायाच्या शिरेचे आणि एक छातीच्या आतल्या धमनीचा. वय ६६, शुगर आहे, बीपी आहे, ऑपरेशननंतरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ५० सांगितलाय. ऑपरेशन व्यवस्थित झालं, घरी आले, आता महिना होत आला. डिस्चार्जच्या कागदावर "नियमित चालणे, जड वस्तू उचलू नये" एवढंच लिहिलंय आणि त्या एका ओळीचा घरात प्रत्येकाने आपापला अर्थ लावलाय.

गाव वाळवा तालुक्यात, घरी तीन म्हशी. मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार जाते. आई अण्णांना हाताने भरवते, तांब्यासुद्धा उचलू देत नाही, अंघोळ चुलतभाऊ घालतो, बाजेवरून उठवताना दोघं जण दोन हात धरून ओढून बसवतात. चालणं म्हणजे बाजेपासून उंबऱ्यापर्यंत, तेही दोन्हीकडून धरून. कुणी वाईट हेतूने करत नाहीये हो, सगळे घाबरलेत, आई तर रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे का बघते. पण अण्णा दिवसभर आढ्याकडे बघत पडून असतात. पहाटे पाचला गोठ्यात असणारा माणूस आता कुणाशी बोलत नाही. उजवा खांदा वर होत नाही, ज्या पायाची शीर काढली तो संध्याकाळी सुजतो. परवा फोनवर मला म्हणाले, आता माझा काय उपयोग. तेव्हापासून कामात लक्ष नाही माझं.

त्यांना स्वतःचं स्वतः करू द्यायचं तर सुरुवात कुठून करू? काय केलं तर टाके किंवा हाड निसटेल? आणि धार ते परत काढू शकतील का कधी, कारण ते एवढंच विचारतात.

फिजिओताई:
कृष्णाकाठ, मी कार्डियाक वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं हेच काम करते म्हणून सविस्तर लिहिते. अण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे सर्जनशी एकदा फोनवर बोलून घेच.

आधी ते हात धरून ओढणं आजच बंद करा. फोन करून सांग, शनिवारची वाट बघू नकोस. छातीचं मधलं हाड उभं कापून परत स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, ते बऱ्यापैकी सांधायला ६ ते ८ आठवडे आणि पक्कं व्हायला साधारण १२ आठवडे लागतात, शुगर असेल तर कधी जास्त. दोन्ही हात दोन माणसांनी दोन बाजूंना ओढले की सगळा ताण त्या सांध्यावर जातो. म्हणजे ज्याला आपण मदत समजतोय तीच जोखमीची आणि स्वतःहून चालणं, ज्याला सगळे घाबरतात, ते सुरक्षित.

उठायची पद्धत अशी. आधी बाज बदला, बाजेत माणूस झोळीसारखा खाली जातो आणि उठायला हाताचा जोर लावावाच लागतो. पलंग किंवा दिवाण, गादी कडक. उशी छातीशी धरायची, गुडघे दुमडायचे, खांदा-कंबर-गुडघे एकदमच कुशीवर वळवायचे, मग पाय खाली सोडायचे आणि त्याच वजनाने धड वर येतं. घरच्यांनी फक्त पाठीमागे खांद्याच्या फऱ्याखाली तळहात ठेवायचा. काखेत हात घालायचा नाही, मनगट धरायचं नाही. दोन-तीन दिवसांत त्यांना आधारही लागणार नाही बघ.

खुर्ची हत्याची घ्या, बसल्यावर तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या किंचित उतरत्या. उठताना पुढे सरकून बसायचं, पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. हाच त्यांचा व्यायाम समजा, सकाळ-संध्याकाळ पाच पाच वेळा बस-ऊठ, मग वाढवत न्या. पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू फार भराभर जातात आणि मग माणूस म्हणतो हार्ट कमजोर झालं, खरं तर पाय कमजोर झालेले असतात. जमिनीवर पंगतीला बसणं मात्र अजून नको, उठताना हातावर भार येतो.

खांदा दुखरा आहे कारण तो महिनाभर हललाच नाही. खांदे वर-खाली, मागे गोल फिरवणं, दोन्ही हात एकत्र समोरून वर नेणं जिथपर्यंत ओढ वाटत नाही तिथपर्यंत, हे चालतं, करायलाच हवं. रिकामा हात हलवायला काहीच हरकत नाही, वजन असेल तेव्हा कोपर अंगाजवळ ठेवायचं एवढा साधा नियम. एका हाताने जोरात ढकलणं, ओढणं, हात मागे टेकून अंग उचलणं नको. पाण्याचा तांब्या किलोभर होतो, तो त्यांनी स्वतः उचलावा, स्वतःच्या हाताने जेवावं, दाढी स्वतः करावी. भरलेली बादली पंधरा किलोच्या पुढे जाते, ती नाही. नातवंडं उचलायची नाहीत, शेजारी बसवून घ्या. पुढून बटणाचा शर्ट घाला म्हणजे डोक्यावरून बंडी ओढायची वेळ येणार नाही.

चालणं सपाट रस्त्यावर, बांधावर नाही. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. जमलं की रोज मिनिट-दोन मिनिटं वाढवा, काही आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत यायचं. ते इतके पडून होते की त्यांचं घड्याळ आता सुरू झालं असं धरा, बाकी पेशंटशी तुलना नको. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत दम लागला तर वेग कमी. थांबताना एकदम बसायचं नाही, शेवटची दोन मिनिटं सावकाश. जेवणानंतर दीडेक तास नको, दुपारच्या उन्हात नको. आणि दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं असेल तर काल जास्त झालं, आज थोडं कमी करा पण बंद करू नका. बरोबर चालणाऱ्याने अर्धा पाऊल मागे, बाजूने चालावं, धरू नये.

पायाची सूज शीर काढल्यामुळे असते, बसताना पाय स्टुलावर घ्या, खाली लोंबकळत ठेवू नका, हॉस्पिटलने मोजे किंवा क्रेप बँडेज सांगितलं असेल तर दिवसा वापरा. घोटा वर-खाली करत राहायचं. तीन बॉलचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र) दिलं असेल तर कोपऱ्यात पडलं असणार! ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, सावकाश, मग क्षणभर श्वास धरायचा.

पूर्वी हार्ट अटॅकच्या माणसाला सहा-सहा आठवडे अंथरुणावर ठेवायचे, १९५२ च्या सुमारास बोस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी पेशंटना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली तेव्हा त्यालाही लोक घाबरले होते. आता आम्ही बायपासच्या पेशंटला बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच खुर्चीत बसवतो. हे आईला सांग, की आयसीयूत नळ्या लावलेल्या असताना अण्णा बसले होते, मग घरी का नाही.

नाशिककर५८:
ताईंनी सगळं सांगितलंय, मी पेशंटच्या बाजूने लिहितो कारण हे माझ्यावरून गेलंय.

पहिले दोन-अडीच महिने मला कारण नसताना रडू यायचं. टीव्हीवर बातम्या चालू असताना सुद्धा. झोप तुकड्या-तुकड्यात, विचित्र स्वप्नं, आठवण ठेवायला त्रास, जेवणाची चव गेलेली. मला वाटलं मी संपलो. डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू जातं, पण दोन आठवड्यांच्या वर माणूस उदास, जेवत नाही, कशातच रस नाही असं राहिलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवायचं, त्यात काही कमीपणा नाही. तुमच्या अण्णांचं "काय उपयोग" हे वाक्य हलक्यात घेऊ नका. त्यांना सरळ विचारा की मरावंसं वाटतं का, विचारल्याने कुणी तसं करत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरं म्हणजे छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा आणि झिणझिण्या, तिथली धमनी काढलेली असते त्यामुळे. मला वाटायचं परत अटॅक येतोय. हे कुणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या. त्यांना आत्ताच सांगून ठेवा. पण दाबल्यासारखं, हातात-जबड्यात जाणारं दुखणं, घाम, ते वेगळं, त्यात थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल.

नाडी मोजून घाबरू नका, मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फार वाढतच नाही, म्हणून ताईंनी सांगितलेली बोलण्याची टेस्ट चांगली.

अजून एक, कुणी विचारत नाही आणि डॉक्टरही घाईत असतात म्हणून लिहितो. नवरा-बायकोचे संबंध कधी? दोन जिने भराभर चढून छातीत दुखलं नाही, दम लागला नाही तर साधारण चालतं असं मला सांगितलं, अर्थात हाड सांधेपर्यंत छातीवर भार येऊ न देता. छातीत दुखण्यासाठीची नायट्रेटची गोळी चालू असेल तर संबंधांसाठी घेतात त्या गोळ्या (सिल्डेनाफिलसारख्या) अजिबात नाहीत, बीपी धोकादायक खाली जातं. मुलीला हे विचारता येत नाही, पण घरातल्या कुणा पुरुषाने अण्णांशी बोलावं, वय ६६ म्हणजे काही संपलेलं नसतं.

सिस्टर_मिरज:
स्टाफ नर्स आहे, थोडक्यात लिहिते, ड्युटीवर जायचंय.

हाताला ओढून उठवत होते म्हणालात म्हणून आधी हे विचारा: खोकताना किंवा कूस बदलताना छातीच्या हाडात कट-कट जाणवतं का? जखमेतून पाणी, पू, लाली? ताप १००.४ च्या वर? यातलं एकही असेल तर व्यायाम राहू दे, त्याच दिवशी सर्जनकडे. शुगर असलेल्या माणसात हाडाचं इन्फेक्शन वाईट असतं, साखर घरी मोजत चला.

रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागतोय तर अंगात पाणी साचतंय, फोन करा. धडधड अनियमित वाटली, चक्कर आली तरी. पोटरी एकाच पायाची कडक, गरम, दुखरी झाली तर ती नेहमीची सूज नाही, दाखवा. हिमोग्लोबिन एकदा बघा, ऑपरेशननंतर ते कमी असतं आणि लोक दम लागतो म्हणून चालणं सोडतात.

उकिडवं बसायचं नाही अजून. भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकलमध्ये मिळते, भाड्यानेही मिळते, ती बसवा आणि बेडपॅन काढून टाका, माणसाचा धीर त्यानेच सगळ्यात जास्त जातो. कुंथायचं नाही, इसबगोल किंवा डॉक्टर सांगतील ते औषध. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाणी, दार आतून कडी न लावता पण एकटे. भावाने बाहेर उभं राहावं.

महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला फॉलोअपचं काय मिळतं ते विचारा, काही ऑपरेशनांना पुढच्या तपासण्या-औषधांचं पॅकेज असतं आणि लोक विचारतच नाहीत.

बार्शीच्या_काकू:
बाळा, मी तुझ्या आईच्या जागी होते. माझ्या मिस्टरांच्या वेळी मी पण भरवायचे. तुझ्या आईला कुणी चुकीचं ठरवू नका आधी. तिला वाटतं मी डोळा लावला तर काहीतरी होईल. तिला "सोड त्यांना" म्हणून ती सोडणार नाही, तिला दुसरं काम द्या. वजन लिहायचं, शुगर लिहायची, किती मिनिटं चालले ते लिहायचं, हे आईकडे. तिच्या काळजीला कागद मिळाला की हात आपोआप मागे येतो.

आणि अण्णांकडे त्यांच्या गोळ्या द्या. सकाळ-दुपार-रात्रीचे खण असलेला डबा मिळतो, तो रविवारी त्यांनी स्वतः भरायचा, तू शेजारी बसून बघायचं. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा तो डबा भरला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. मग दुधाचा हिशोब, दिवाबत्ती, भाजी निवडणं, नातवाचा अभ्यास. नुसतं "चाला, चाला" म्हटलं तर कुणी चालत नाही, कुठेतरी जायचं असेल तर माणूस चालतो.

भेटायला येणाऱ्यांचं बघ. गावाकडे महिनाभर रांग असते, येतात आणि आमक्याचा बायपास होऊन सहा महिन्यात गेला असं तोंडावर सांगतात. आईला म्हणावं वेळ ठरवून दे, संध्याकाळी तासभर, अण्णा खुर्चीत बसून भेटतील, पडून नाही. पाच मिनिटं झाली की त्यांनीच उठून चक्कर मारायची.

लेस्टरवाला:
इकडे इंग्लंडमध्ये माझ्या सासऱ्यांची झाली (मूळ इचलकरंजीचे). घरी आल्यावर काही आठवड्यांनी रिहॅबचा (हृदयाच्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम करवून पूर्ववत करण्याचा) क्लास लागला, कम्युनिटी हॉलमध्ये, आठवड्यातून दोनदा, नर्स आणि फिजिओ हजर, वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या सायकल आणि स्टेपवर. सासरे पहिल्या दिवशी रुसून बसलेले, नंतर तिथल्या एका पंजाबी आजोबांशी दोस्ती झाली आणि एकही क्लास चुकवला नाही. व्यायामाइतकाच उपयोग दुसरे बरे झालेले पेशंट समोर दिसण्याचा झाला असं मला वाटतं. सांगली-कोल्हापूरकडे असं काही आहे का? फिजिओताई?

फिजिओताई:
मोठ्या शहरांत काही हॉस्पिटलांत आहे, तालुक्याला फार कमी, आणि जिथे आहे तिथेही लांबचा पेशंट आठवड्यातून दोनदा एसटीने येऊ शकत नाही. म्हणून घरीच करायचं आणि पंधरा दिवसांनी जवळच्या फिजिओला दाखवायचं हा मार्ग. सहा मिनिटांत किती मीटर चालतात ते मोजून घ्या, महिन्याने परत मोजा, अण्णांना आकडा वाढलेला दिसू दे. गावात बायपास होऊन कामाला लागलेला माणूस नक्की असेल, त्याला चहाला बोलवा.

योगाबद्दल कुणी विचारेल म्हणून आत्ताच लिहिते. हार्ट अटॅकनंतर योगावर आधारित रिहॅबचा एक मोठा अभ्यास भारतात २४ हॉस्पिटलांत जवळजवळ ४००० पेशंटवर झाला, २०२० मध्ये छापून आला. लोक आपल्या रोजच्या कामांकडे जास्त परतले आणि त्यांना स्वतःची तब्येत बरी वाटली, पुढचे अटॅक आणि मृत्यू नक्की कमी होतात असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. ते बायपासवाले नव्हे, अटॅकचे पेशंट होते. अण्णांनी सावकाश श्वसन, शवासन करावं. कपालभाती, भस्त्रिका, सूर्यनमस्कार, हातावर भार येणारं काहीही हाड पक्कं होईपर्यंत नाही.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, काकू तुमचं वाचून आईला फोन लावला आणि दोघी रडलो. भावाला ओढून उठवायचं बंद करायला सांगितलं, कट-कट, ताप, पू काही नाहीये असं तो बघून म्हणाला. अण्णांना नाशिककर काकांनी सांगितलं तसं सरळ विचारलं, मरायचं नाही म्हणाले, कंटाळा आलाय म्हणाले. सोमवारी सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीय, तिथे झोपेचं आणि मनाचंही विचारणार. पण म्हशींचं राहिलं ना ताई?

फिजिओताई:
राहिलं नाही, मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते त्यांचं ध्येय आहे आणि त्याला तसंच धरून पायऱ्या लावू.

धार काढण्यात तीन गोष्टी आहेत: उकिडवं बसणं, गुडघ्यात बादली धरून दोन्ही हातांचा जोर, आणि म्हशीने एकदम मान किंवा पाय झटकणं. तिसरी सगळ्यात धोक्याची, कारण ती आपल्या हातात नसते. दावं ओढणंही त्यातच. म्हणून तीन महिने पूर्ण होऊन सर्जन हाडाला हात लावून हो म्हणेपर्यंत म्हशीच्या जवळ नाही. शेणाचे हात जखमेला लागू नयेत हेही आहे.

पण गोठ्यात जायला कुणी नाही म्हटलंय? पहाटे पाचला नाही तर सहाला उठून, स्वेटर घालून, खुर्ची टाकून तिथे बसू दे, कोणती म्हैस किती देते, कुणाला पेंड जास्त घालायची हे त्यांना भावापेक्षा जास्त कळतं. पुढच्या आठवड्यात लिटरभराची किटली कोपर अंगाजवळ ठेवून डेअरीपर्यंत चालत न्यायची, भाऊ मोठं कॅन गाडीवर घेऊन पुढे जाईल. फॅटची पावती अण्णांनी घ्यायची. डेअरी किती लांब आहे? पाच-सात मिनिटांवर असेल तर जाऊन येऊन तेच चालणं झालं, वाटेत बसायला कट्टा असेल तर अजून चांगलं.

तीन महिन्यांनी सर्जनने परवानगी दिली की पहिल्यांदा सगळ्यात गरीब म्हैस, उकिडवं न बसता बुटक्या स्टुलावर, चार-पाच मिनिटं, बाकी भावाने पुरी करायची. दोन वेळेपैकी एकच वेळ. भरलेली बादली उचलायची नाही. मोटरसायकलही त्याच सुमाराला, आधी विचारून, खाचखळग्याच्या रस्त्याने नाही. सोमवारी सर्जनला "काम कधी करू" असं मोघम विचारू नका, म्हशीची धार, दावं, किटली, मोटरसायकल असं एकेक नाव घेऊन विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या, म्हणजे घरात परत अर्थ लावत बसायला नको.

कृष्णाकाठ:
डेअरी सहा-सात मिनिटांवर आहे ताई, मध्ये मारुतीच्या देवळाचा कट्टा आहे. शनिवारी जातेय, कमोडची खुर्ची आणि गोळ्यांचा डबा पुण्यातूनच घेऊन जाते. दिवाणाची उंची साधारण किती असावी?

फिजिओताई:
गादीसकट अण्णांच्या गुडघ्याच्या वाटीच्या किंचित वर. टेप घेऊन जा. कमी भरली तर पायांखाली विटा नको, घसरतात, सुताराकडून लाकडी ठोकळे खाच पाडून करून घे.